कुंपण गेल्यावर काय? औंधचे स्वतंत्रपूर आणि सुटून आलेला माणूस

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तो एका भागाचा पत्ता आहे. रिक्षावाला तिथे नेतो, पोस्टमन तिथे पत्र टाकतो. हे नाव कुठून आले, असे विचारले की मात्र नवी पिढी गोंधळते. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी केलेली वसाहत म्हणजे सेटलमेंट. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी या वसाहती उभ्या राहिल्या. आत राहणाऱ्यांना हजेरी द्यावी लागे. बाहेर जायचे तर पास घ्यावा लागे. सोलापूरच्या कापड गिरण्यांना मजूर हवे होते, तेही या कुंपणातून मिळत गेले.

सोलापूरहून पंढरपूरमार्गे निघाले की सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आटपाडी लागते. तिथे १९३९ साली एका छोट्या संस्थानाने याच्या अगदी उलटे काहीतरी करून पाहिले. खुनासारखे गुन्हे ज्यांच्यावर कोर्टात शाबित झाले होते, अशा कैद्यांना भिंत नसलेल्या वसाहतीत राहायला दिले. वसाहतीचे नाव ठेवले स्वतंत्रपूर.

एकीकडे गुन्हा न केलेल्यांना कुंपण, दुसरीकडे गुन्हा केलेल्यांना मोकळे रान. काळ जवळपास एकच, बोली एकच, दुष्काळी माळही एकच. तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गावात कसा सामावतो, हा प्रश्न आज पडतो तेव्हा मला या दोन जागा शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. उत्तराचा बराचसा भाग आपल्याच भागातल्या या इतिहासात आहे.

जन्मावर लावलेला शिक्का

गुन्हेगार जमाती कायदा पहिल्यांदा आला १८७१ साली. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. १९२४ साली तो पुन्हा नव्याने केला गेला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमाती त्याच्या यादीत गेल्या. त्यात एक मुस्लिम जमातही होती, छप्परबंद. घरांची, छावण्यांची छपरे शाकारणारे म्हणून हे नाव पडले असे सांगतात. इंग्रजी दफ्तरात त्यांची ओळख मात्र खोटी नाणी पाडणारे अशी झाली. एकदा दफ्तरात नोंद झाली की प्रत्येक नवजात मूल त्या नोंदीत जन्माला येत गेले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही छप्परबंद हे नाव ‘मुस्लिमसह’ अशा उल्लेखाने आहे. मुसलमानांत जाती नसतात असे मानणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनी ती यादी एकदा नजरेखालून घालावी.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशातून गेला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कुंपणाची तार निघाली, पण नोंदवही गेली नाही. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत आले, मुंबई राज्याचा १९५९ साली आला. नाव बदलले तरी संशयाची बोटे त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी मध्यमवर्गाला या जगण्याची पहिल्यांदा नीट ओळख झाली. तुरुंगांच्या नियमावल्यांतून या जमातींबद्दलचे जातीय उल्लेख काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी द्यावा लागला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल आहे. म्हणजे कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली, तरी त्याची भाषा तुरुंगाच्या पुस्तकात शिल्लक होती.

सुटून आलेल्या माणसाचे दुखणे समजून घ्यायचे तर आधी सेटलमेंटचा हा इतिहास समजून घ्यावा लागतो. दाराचे कुलूप निघते त्या दिवशी शिक्षा संपली असे आपण धरून चालतो. ज्याच्या नावापुढे शेरा आहे, त्याच्या बाबतीत तसे होत नाही.

औंधच्या राजाचे धाडस

औंध संस्थान नकाशावर शोधायला गेले तर तुकड्यातुकड्यांत सापडते. औंध साताऱ्याकडे, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ पार विजापूरकडे. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. राजे होते भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार, चित्रकला आणि कीर्तन यांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. इथे त्यांचा एक वेगळा गुण महत्त्वाचा आहे. ज्या माणसावर दुसरे कुणी पैज लावणार नाही, त्याला ते जागा देत असत.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा याच राजांनी त्यांना कुंडलजवळच्या माळावर जमीन दिली. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी या वसाहतीत रात्रीच्या राखणीसाठी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. ज्याच्यावर चोरी-दरोड्याचा डाग, त्याच्याच हाती कारखान्याची राखण. ऐकायला ही गंमत वाटते. पण आजच्या एखाद्या कारखान्याच्या किंवा अपार्टमेंटच्या मालकाला असे करून पाहा म्हणावे. चारित्र्य पडताळणीचा कागद आणल्याशिवाय आपण रखवालदाराला फाटकाशी उभेसुद्धा राहू देत नाही.

पुढच्या पिढीत राजपुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून आले. हेच पुढे इंग्लंडमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. त्यांनी म्हैसूर संस्थानात काम करणाऱ्या मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलिश इंजिनियरला औंधला आणले. फ्रिडमन जन्माने ज्यू होते, गांधीजींच्या प्रभावाखाली आले आणि भारतानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना मान्य केली. गांधीजींनी तिच्या मसुद्यात लक्ष घातले होते. स्वतंत्रपूर याच वातावरणातून आले. फ्रिडमन यांनी कल्पना मांडली, राजांनी जमीन आणि परवानगी दिली.

या जागेचा मूळ साचा साधा होता. कैद्याला कोठडीऐवजी घर. कुटुंबाला त्याच्यासोबत राहण्याची मुभा. कसायला जमीन. भोवती भिंत नाही, बंदूक घेऊन उभा पहारा नाही. दिवसभर शेतात राबायचे, पिकवायचे आणि संध्याकाळी आपल्या चुलीपाशी परतायचे. पळून जायचे ठरवले तर अडवणारे फारसे काही नव्हते.

यात भाबडेपणा दिसेल, पण एक रोकडा हिशोबही आहे. दहा-बारा वर्षे कोठडीत राहिलेला माणूस बाहेर येतो तेव्हा पैसे मोजणे, बाजारात भाव करणे, बायकोशी घरखर्चावरून बोलणे, मुलाचा हट्ट पुरवणे किंवा नाकारणे या सगळ्याची त्याची सवय मोडलेली असते. मुलगा त्याला ओळखत नसतो. स्वतंत्रपुरात ही सवय मोडूच दिली नाही. सुटकेनंतर जे करावे लागणार, ते शिक्षेच्या काळातच सुरू ठेवले.

गदिमा, शांताराम आणि सिनेमाच्या पुढचे

स्वतंत्रपूरची गोष्ट जगभर पोहोचली ती सिनेमामुळे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा याच आटपाडी परिसरातले आणि त्यांचे शिक्षणही औंधच्या मुलखात झालेले. त्यामुळे ही कल्पना त्यांना बाहेरून आणावी लागली नाही. सिनेमाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेऊन त्यांच्याकडून शेती पिकवून घेणारा जेलर आजही लोकांच्या आठवणीत आहे.

सिनेमा मला आवडतो. तरीही त्याने आपल्या मनात एक चुकीचे चित्र रुजवले असे मला वाटते. सिनेमात सगळी जादू जेलरच्या दोन डोळ्यांत आहे. एक थोर माणूस सहा वाईट माणसांना सुधारतो. प्रेक्षक रडतो आणि घरी जातो, कारण त्याच्याकडून काही मागितलेलेच नसते. खऱ्या स्वतंत्रपुरात जमीन लागली, बायकापोरे लागली, माल विकत घेणारा बाजार लागला आणि शेजारच्या गावांनी या लोकांना आपल्या वाटेवरून चालू देणे लागले. यातले शेवटचे काम कुठलाही जेलर करू शकत नाही.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र टिकले. आज ते राज्याच्या कारागृह विभागाकडे खुली वसाहत म्हणून आहे आणि मोजके कैदी तिथे कुटुंबासह राहतात. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांनी १९५२ पासून बांधकामांवर कैद्यांच्या खुल्या छावण्या काढल्या. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३ साली सुरू झालेले खुले शिबिर त्यांच्याच नावाने चालते. तिथले कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी शहरात कामाला जातात आणि स्वतःच्या कमाईवर घर चालवतात. महाराष्ट्रात पैठण, येरवडा अशा ठिकाणी खुली कारागृहे आहेत. तिथे काम करणाऱ्याला शिक्षेत जादा माफी मिळते. १९५९ च्या नियमांनी फर्लो आणि पॅरोलची सोय केली. फर्लोवर आलेल्या कैद्याची बातमी म्हणजे ‘गुन्हेगार मोकाट’ अशी आपली समजूत असते. माणसाचे घराशी नाते तुटू नये, हा तिचा मूळ हेतू आहे.

एका शायराचा अहवाल

१९८० मध्ये केंद्र सरकारने तुरुंग सुधारणेसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९८३ मध्ये आला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला. उर्दू शिकवणाऱ्यांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. लखनौचे हे काश्मिरी पंडित उर्दूचे नावाजलेले शायर होते आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना उर्दूसाठीच मिळाला. अलाहाबाद हायकोर्टात त्यांनी न्यायाधीश म्हणून काम केले होते, त्यामुळे फौजदारी कारभाराचे आतले रूप त्यांना ठाऊक होते. सुटल्यानंतरची मदत आणि पुनर्वसन हा तुरुंगाच्या कामाचाच भाग मानावा, ही या अहवालाच्या गाभ्यातली गोष्ट होती. चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला. समित्या त्याचे दाखले देत राहिल्या. बहुतेक कैद्यांच्या वाट्याला अजूनही सुटकेच्या दिवशी एक पिशवी आणि फाटकाबाहेरचा रस्ताच येतो.

खुल्या कारागृहाची वाट मुळात सगळ्यांसाठी नाहीच. शिक्षा झालेला, बरीच वर्षे चांगली वर्तणूक ठेवलेला कैदी तिथे पोहोचतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांतली सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघायचा आहे असे. मुसलमानांचे प्रमाण या कैद्यांत आपल्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. दलित आणि आदिवासींचेही तसेच आहे. ज्यांना गुन्हेगार म्हणायला कोर्टाने अजून मान्यता दिलेली नाही, त्यांच्यासाठी ना जमीन, ना जादा माफी, ना पुनर्वसन. सेटलमेंटच्या कुंपणाची इथे आठवण येते.

निर्दोष सुटलेल्यांची स्थिती याहून विचित्र. शिक्षाच नसल्यामुळे पुनर्वसनाच्या कागदावर त्यांचे नाव कुठेच बसत नाही. अशांना भरपाई मिळावी यासाठी स्वतंत्र कायदा करा, असे विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात सुचवले. तसा कायदा अजून नाही. मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात नऊ वर्षे तुरुंगात होते. २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले आणि पुन्हा शाळेत शिकवायला उभे राहिले. त्यांचे ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक पुष्कळांनी वाचले आहे. त्यांना वर्गात परत जाता आले याचे मोल माझ्यासारख्या शिक्षिकेला चांगले कळते. नोकरी नसलेला, लिहिता न येणारा, वस्तीत भाड्याने राहणारा माणूस सुटून येतो तेव्हा त्याच्याकडे परत जाण्यासारखा वर्ग नसतो.

वर्गातली जागा

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. ‘माझे वडील’ हा निबंधाचा हुकमी विषय. दरवर्षी एखाद-दुसरे मूल लिहिते, ‘माझे अब्बा सौदीला आहेत.’ आमच्या भागातून लोक आखातात जातात, त्यामुळे ते खरेही असू शकते. कधी कधी आई पालकसभा संपेपर्यंत थांबते, बाकीच्या बायका गेल्या की जवळ येते आणि हळूच म्हणते, “टीचर, किसीको बोलना नको.” मग कळते की सौदी म्हणजे कुठले कारागृह.

त्या मुलाला मी खोटे बोलू नकोस असे सांगत नाही. निबंधाचा विषय बदलून ‘माझ्या घरातील आवडती व्यक्ती’ असा करते. आजी, मामू, फुफू कुणीही चालते. इतकेच माझ्या हातात आहे. पण वडील सुटून येतात तेव्हा काय होते, तेही मी पाहिले आहे. एका विद्यार्थ्याचे वडील काही वर्षांनी घरी आले. खटल्यात ते निर्दोष सुटले होते. पहिल्या आठवड्यात भेटायला माणसे आली, मिठाई आली. दुसऱ्या महिन्यात घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितले. पूर्वी ज्या गॅरेजात ते काम करत, तिथल्या मालकाने “थोडे दिवस थांब, लोक विचारतात” असे सांगितले. थोडे दिवस संपलेच नाहीत. ते कुटुंब शहर सोडून गेले आणि मुलाचा दाखला मीच लिहून दिला. त्यात कुठेही तुरुंगाचा शब्द नव्हता. शिक्षा कोर्टाने दिली नाही, ती आमच्या गल्लीने दिली.

या सगळ्या इतिहासातून मला तीन गोष्टी हाती लागतात. सुटलेल्या माणसाला हाताला काम, डोक्यावर छप्पर आणि नावापुढचा शेरा पुसला जाणे या तिन्हींची एकदम गरज असते. किर्लोस्करवाडीने काम दिले. स्वतंत्रपूरने काम आणि घर दोन्ही दिले. शेरा पुसण्याचे काम थोडेफार कायदा करतो. १९५८ च्या परिविक्षा कायद्यात बाराव्या कलमाने अशी तरतूद केली की ज्याला शिक्षेऐवजी परिविक्षेवर सोडले, त्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागू नये. पण गल्लीतल्या शेऱ्याला कलम लागू पडत नाही.

या कामात माणसे आहेत. टाटा समाज विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कैद्यांच्या आणि सुटलेल्यांच्या पुनर्वसनासाठी झटतो आहे. राज्यातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम चालतो, त्यात मुलांना जाळीआड न थांबता वडिलांना मिठी मारता येते. शिक्षक म्हणून मला तो फार मोठा वाटतो. बालसंगोपन योजनेतून कैद्यांच्या मुलांना मदत मिळू शकते, हे बऱ्याच शाळांना ठाऊकच नसते. मुख्याध्यापकांनी ही माहिती त्या कुटुंबाला गुपचूप द्यावी. वर्गात सगळ्यांसमोर नाव पुकारून नव्हे.

आणि आपल्या मोहल्ल्याचे काय? रमजानमध्ये आपण जकातीचा हिशोब करतो. विधवा, अनाथ, मदरशातली मुले डोळ्यासमोर येतात. ज्या घरातला कमावता आत आहे किंवा नुकताच बाहेर आला आहे, ते घर यादीत येत नाही. बदनामीची भीती वाटते. निधी उभारायची गोष्ट लांबची. ज्याचे गॅरेज आहे त्याने एक माणूस ठेवावा. ज्याच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत त्याने एक द्यावी आणि भाडे इतरांइतकेच घ्यावे. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याने रेशनकार्डात नाव परत घालून द्यावे. हे करणाऱ्याला लोक नावे ठेवतील, आणि ती ऐकून घेण्यासाठी वस्तीतली दोन-चार वडीलधारी माणसे त्याच्या बाजूने बोलायला हवीत.

औंधचे राजे काही फार श्रीमंत नव्हते. त्यांच्याकडे एक माळ होता आणि तो देण्याची तयारी होती. आपल्या गल्लीत माळ नाही. पण पुढच्या वेळी कुणी सुटून आले, तर मिठाई घेऊन पहिल्या आठवड्यात जाण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात जावे आणि विचारावे, खोली मिळाली का, काम लागले का, मुलाचे नाव शाळेत आहे का. गरज तेव्हाच असते.